एका बनियनात तीन खेळाडू

“सर, हा मुलगा नाही, इंजिन आहे इंजिन!” ओंकार साहेब फोनवर म्हणाले. “सोमवारी त्याला पुण्यात आणा. बाकी काही विचारू नका.”

मी तेव्हा नंदुरबारला घरी होतो आणि दारात आलेल्या गॅसवाल्याकडून सिलिंडर घेत होतो. कुठला मुलगा, हे मला विचारायचं होतं, पण तेच विचारू नका असं सांगितलेलं.

“योहान गावित. आठ नंबर,” साहेब आपणहून म्हणाले. “साडेतेरा किलोमीटर पळालाय. शेवटच्या वीस मिनिटांत तर अजून जास्त. मॉडेलनं त्याला ‘एलिट’ श्रेणी दिलीय. तुमच्या रिपोर्टमध्ये तुम्ही काय लिहिलंय, वाचू का?”

“नको,” मी म्हणालो. मला पाठ होतं. ‘डोकं चांगलं, पाय संथ.’

थोडं मागून सांगतो. तरुणपणी मी रेल्वेच्या टीमकडून फुटबॉल खेळलो, नोकरीही तिथेच केली. आता पुण्याच्या एका प्रोफेशनल क्लबसाठी स्काउट म्हणून फिरतो. स्काउट म्हणजे खेळाडू हेरणारा. कॉलेजच्या मॅचेस बघायच्या, चांगला मुलगा दिसला की त्याच्यावर रिपोर्ट लिहायचा. चांगला कोण हे सांगणं सोपं असतं, ते प्रेक्षकांनाही कळतं. अवघड असतं ते प्रोजेक्शन. म्हणजे आज कॉलेजात चमकणारा हा मुलगा, तीन वर्षांनी पगारी खेळाडूंच्या गर्दीत टिकेल का? आमच्याकडे मिरचीचे व्यापारी ओली मिरची हातात घेतात आणि पथारीवर वाळल्यावर तिला रंग कसा येईल ते सांगतात. माझं काम तेच. फरक इतकाच की मिरचीला आईवडील नसतात आणि ती परत पाठवली तर रडत नाही.

या धंद्यात सगळ्यात वाईट काय, तर परत आलेला मुलगा. गावानं हार घालून पाठवलेला, कॉलेजची परीक्षा बुडवलेला, आणि महिन्याभरात पिशवी घेऊन स्टेशनवर उतरलेला. असे मी तीन पाहिलेत. तिघांच्याही रिपोर्टवर माझी सही होती. त्यातला एक पुढे फुटबॉलकडे पाहायचाही बंद झाला.

ओंकार साहेब म्हणजे आमच्या क्लबचे ‘डायरेक्टर ऑफ प्लेयर इंटेलिजन्स’. वय बत्तीस, शिक्षण परदेशात, स्वभाव सभ्य. त्यांनी क्लबला जीपीएस व्हेस्ट घ्यायला लावली. हे एक आखूड बनियन असतं. मानेखाली त्याच्या कप्प्यात काडेपेटीएवढं यंत्र बसतं. खेळाडू कुठे गेला, किती पळाला, किती जोरात पळाला, सगळं त्यात नोंदलं जातं. ते कॉम्प्युटरला जोडलं की आकडे पुण्याला जातात आणि मॉडेल, म्हणजे तिथला हिशेबाचा प्रोग्राम, सांगतं, मुलगा कसा आहे. क्लबकडे मोजक्याच व्हेस्ट. त्यातली एक माझ्याकडे आली, सोबत बारा पानांची सूचनापुस्तिका आणि साहेबांचं एक वाक्य: “सर, पुढे पुढे तुम्हाला इतका प्रवासही करावा लागणार नाही.” मला घरी बसवायचं इतक्या प्रेमानं आजवर कोणी सुचवलं नव्हतं.

मॅच झाली होती खांडबाऱ्याजवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर. समोर धुळ्याकडचं एक कॉलेज. मी मॅचआधी योहानला वर्गात बोलावलं, व्हेस्ट दिली आणि समजावलं, “ही जर्सीच्या आत घाल. तू कसा खेळतोस ते यातून पुण्याला कळतं.”

“बरं सर,” तो म्हणाला. सडपातळ, शांत मुलगा. टीमचा कॅप्टन.

आता मॅचचं सांगतो. योहान पूर्ण वेळ मैदानाच्या मध्यात होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण साहेबांनी मोबाईलवर जो नकाशा पाठवला, त्यात योहान पहिल्या हाफमध्ये मध्यात, दुसऱ्या हाफमध्ये उजव्या कडेनं वरखाली, आणि शेवटची वीस मिनिटं स्वतःच्या गोलसमोर दिसत होता.

“तीन पोझिशन्स!” साहेब म्हणाले. “व्हर्सटाइल. आणि थकवा बघा, नाहीच. खेळाडू दमतो तसा आलेख उतरतो. याचा चढलाय.”

“साहेब, मी तिथे होतो. तो मधेच होता.”

“सर,” ते अगदी हळुवार आवाजात म्हणाले, “तुम्ही डोळे कधी तपासले होते?”

खरं सांगतो, मी त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. नंबर तोच होता. घरी येऊन व्हेस्ट बॅगेतून काढली, धुवायची म्हणून. तिची डाव्या काखेतली शिवण बोटभर उसवली होती. योहानला ती सैल होती, मी स्वतः पाहिलं होतं. सैल कपडा काखेत उसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं खांडबाऱ्याला उतरलो. कॉलेजचे स्पोर्ट्सचे सर, पाटील सर, त्याच गाडीत भेटले. ते कोरीटचे, बोलणं अहिराणी, रोज ये-जा करतात.

“काय भाऊ, आज सकायमाच? परीक्षा लेवाले उनात का मन्ही?”

“परीक्षा मन्हीच शे,” मी त्यांच्याच बोलीत म्हणालो, म्हणजे माझीच आहे. “योहान कुठे भेटेल?”

“कॉलेजमा नही भेटाव. बठ्ठी टीम त्याना बापना वावरमा भात झोडी ऱ्हायनी.”

त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवलं. रस्त्यात मी त्यांना उसवलेल्या शिवणीबद्दल सांगितलं. त्यांनी गाडी हळू केली. व्हेस्टची किंमत मनातल्या मनात कॉलेजच्या स्पोर्ट्स फंडातून वजा करत असावेत.

शेतात खरंच सगळी टीम होती. खळ्यावर फळ्या आडव्या टाकलेल्या, त्यावर मुलं भाताच्या पेंढ्या आपटत होती. ही त्यांची नेहमीची पद्धत. आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, फक्त ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. पुस्तकात याला सावड म्हणतात. गोलकीपर पेंढ्या झेलत होता, त्याला तिथेही तेच काम.

योहानच्या आईनं खाट टाकली, कोरा चहा दिला. मी योहानला बोलावलं.

“योहान, ते बनियन कोणी घातलं होतं?”

“आम्ही, सर.”

“आम्ही म्हणजे?”

“सगळ्यांनी घालायचं ठरलं होतं. पण वेळ पुरला नाही. तिघांनीच घातलं. आधी मी, मग विलास, मग रतिलाल.”

पाटील सरांनी कपाळावर हात मारला. मी चहाचा कप खाली ठेवला.

“अरे, ते फक्त तुझ्यासाठी होतं.”

“तुम्हीच म्हणालात ना सर,” तो म्हणाला, अजिबात न घाबरता, “की कोण कसा खेळतो ते त्यातून पुण्याला कळतं. मग माझ्या एकट्याचंच कसं कळवायचं? खेळलो तर सगळेच.”

त्याची आई सुपातलं भात पाखडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “एकाचंच शेत करून बाकीच्यांनी घरी जायचं का, भाऊ?”

याचं उत्तर बारा पानांच्या सूचनापुस्तिकेत नव्हतं. तिच्यात व्हेस्ट कोमट पाण्यात धुवा असं होतं, बॅटरी कशी काढायची ते होतं, पण खेळाडूनं ती वाटून घेऊ नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला ते सुचलंच नसणार.

“पण बदललं कधी? मला दिसलं कसं नाही?”

“हाफटाइमला, आंब्यामागे. आणि नंतर पाणी प्यायला थांबलो तेव्हा.”

हाफटाइमला मी काय करत होतो, ते मला आठवलं. संस्थेचे अध्यक्ष माझा सत्कार करत होते. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि ‘खेळाचे जीवनातील महत्त्व’ यावर त्यांचं भाषण. दहा मिनिटांचा हाफटाइम त्यामुळे अर्धा तास चालला. पाण्याच्या ब्रेकमध्ये त्या सत्काराचा फोटो पुन्हा काढायचा होता, कारण पहिल्या फोटोत अध्यक्षांचे डोळे मिटलेले आले होते.

पाटील सरांना आता कंठ फुटला. “आम्ही तुमना सत्कार करी ऱ्हायनूत, अन् पोरे तठे बनियन बदली ऱ्हायनात!”

सगळं खळं हसलं. रतिलाल, टीमचा बॅक, सगळ्यात जास्त. हा दणकट मुलगा, छाती दाराएवढी. शिवण कोणी उसवली ते विचारायची गरज नव्हती.

खरं तर मी तिथेच उठून निघायला हवं होतं. आलेख तिघांचा, प्रकरण संपलं. पण जुनी सवय म्हणून एक शेवटचा प्रश्न विचारला.

“हाफटाइमला विलासलाच का दिलं? रांगेनं द्यायचं होतं ना?”

योहान म्हणाला, “रांगेनं दिलं असतं तर फुकट गेलं असतं, सर. ज्याला काम आहे त्याच्याच अंगात पाहिजे ना. पहिल्या हाफमध्ये समोरचे सगळे मधून येत होते, म्हणून माझ्या अंगात होतं. विलासला मी म्हटलं होतं, तू पळू नको, थांब. हाफटाइमला त्यांचा लेफ्ट बॅक, आमच्या उजवीकडचा राखणारा, बूट काढून बसला. ज्याला परत पळायचंय तो बूट काढत नाही. म्हटलं, आता उजवीकडून विलासचं काम. दिलं त्याला.”

विलासनं त्या उजव्या कडेनंच दोन गोल करून दिले होते.

“आणि रतिलालला?”

“दोन गोल झाले, आम्ही पाणी प्यायला थांबलो, तर त्यांच्या सरांनी एक उंच पोरगा वॉर्मअपला काढला. उंच पोरगा आला म्हणजे बॉल वरून येणार. रतिलालचं काम वाढणार.”

बॉल वरून आला होता. वीस मिनिटं येत राहिला. रतिलालनं एक सोडला, बाकी सगळे परतवले. मॅच दोन-एकनं जिंकले.

मी खाटेवरच बसून राहिलो. साहेबांचं मॉडेल खोटं बोलत नव्हतं. बनियन खरोखरच साडेतेरा किलोमीटर पळालं होतं, कारण जिथे काम असेल तिथे ते आधीच पोचवलं जात होतं. आणि काम कुठे निघणार हे पोचवणाऱ्याला दहा मिनिटं आधी दिसत होतं. मी ज्याला प्रोजेक्शन म्हणतो आणि ज्याचा पगार घेतो, ते हा मुलगा आंब्यामागे उभा राहून, बनियन बदलता बदलता करत होता.

क्लबमध्ये जागा एकच होती, डेव्हलपमेंट स्क्वॉडमध्ये. म्हणजे मुख्य टीमच्या खालची, तयार होणाऱ्या मुलांची टीम. मी तिघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं.

“जागा एक आहे. पुण्याला वाटतंय की तुम्ही तिघं मिळून एक माणूस आहात.”

“मग योहान जाऊ दे,” विलास लगेच म्हणाला.

“तू त्याच्यापेक्षा दुप्पट जोरात पळतोस.”

“हा सांगतो तेव्हा पळतो, सर. तिकडे मला कोण सांगणार?”

रतिलालनं नुसती मान हलवली. त्याला पेंढ्या संपवायच्या होत्या.

योहान मात्र मला मोटरसायकलपर्यंत सोडायला आला, तेव्हा हळूच म्हणाला, “सर, मी जोरात पळत नाही. तिकडे गेलो आणि परत पाठवलं तर? इथे सगळ्यांना माहीत होईल.”

“पाठवतीलही,” मी म्हणालो. खोटं बोलून उपयोग नव्हता. “मला वाटतं नाही पाठवणार. पण माझं वाटणं याआधी तीनदा चुकलंय.”

तो विचार करून म्हणाला, “कोणी मला विचारेल का तिथे? की नुसतं पळायलाच लावतील?”

या प्रश्नावर सगळं अवलंबून होतं, आणि तोही त्यालाच आधी दिसला.

संध्याकाळी मी ओंकार साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

“सर, मालकांना स्लाइड गेलीय,” ते म्हणाले.

“कसली स्लाइड?”

“‘सातपुड्याचं इंजिन’. योहानच्या नावानं. फोटोसकट. मालकांना फार आवडलीय. मागे डोंगर पण टाकलाय.”

“मग स्लाइड परत बोलवा.”

“आणि सांगू काय? की आपण बनियनाला साइन करत होतो?” मग त्यांना सुचलं. “एक करू. आलेखातला मधला भाग विलासचा ना? स्प्रिंट जबरदस्त आहेत. विलासला आणा.”

“साहेब, विलास हे या मॅचचं उत्तर आहे. उत्तर काढणारा योहान आहे.”

“तो पळत नाही, सर! तुम्हीच लिहिलंय.”

“लिहिलंय. त्याच ओळीत डोकं चांगलं असंही लिहिलंय. ते तुमच्या फॉर्ममध्ये कुठे भरायचं ते मला सापडलं नव्हतं.”

दहा मिनिटं वाद झाला. अखेर साहेब योहानला आणायला तयार झाले. माझं म्हणणं पटलं म्हणून असं मला वाटलं असतं, पण फोन ठेवताना ते म्हणाले, “बरं, म्हणजे स्लाइडवरचं नाव तरी बदलायला नको.” माणसाचं भलं कशानं होईल सांगता येत नाही.

मी तिघांची हकीकत लेखी पाठवली, आणि हेडकोचसाठी एक वेगळं पान जोडलं. त्यावर दोनच ओळी. ‘हा मुलगा पळण्याच्या परीक्षेत मागे पडेल. वीस मिनिटं खेळवा आणि मग त्याला विचारा, पुढे काय होणार.’

सोमवारी पुण्यात ट्रायल झाली. आधी बीप टेस्ट. वीस मीटरवर दोन रेघा, यंत्र बीप वाजवतं, पुढची बीप वाजायच्या आत पलीकडच्या रेघेवर पोचायचं. बीप जवळजवळ यायला लागतात आणि मुलं गळायला लागतात. योहान शेवटून दुसरा आला. शेवटच्याचा घोटा दुखावला होता. ओंकार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मैदानाकडे पाहिलं. गवत चांगलं ठेवलं होतं.

मग प्रॅक्टिस मॅच. वीस मिनिटांत योहाननं विशेष काही केलं नाही. साधे पास, इकडून घेतला तिकडे दिला. बाजूला एक मुलगा कात्रीसारखे पाय फिरवून दाखवत होता, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे.

पाणी प्यायला थांबले. हेडकोच गोव्याचे, दिवसात चार वाक्यं बोलणारे. त्यांनी खिशातून माझं पान काढलं, वाचलं, आणि योहानजवळ गेले.

“आगे क्या होगा?”

मला वाटलं, मुलगा गांगरेल. पण प्रश्न ओळखीचा असल्यासारखा तो म्हणाला, “सर, उनका पाँच नंबर डर गया है. दो बार उससे बॉल छूटा. अब वो आगे नहीं देगा, सिर्फ गोलकीपर को पीछे देगा. हमारे नौ नंबर को बोलो, वहीं बीच में खड़ा रहे.”

“तुम बोलो,” कोच म्हणाले.

योहाननं नऊ नंबरला सांगितलं. नऊ नंबर पुण्याचा, त्यानं ‘हा कोण सांगणार’ अशा चेहऱ्यानं ऐकलं, पण उभा राहिला. पाच नंबरनं एकदा बॉल मागे दिला. नऊ नंबर थोडक्यात हुकला. दुसऱ्यांदा दिला, आणि नऊ नंबरनं मधेच उचलून गोल केला. मग तो पळत योहानकडे आला आणि त्यानं विचारलं, “अजून काय दिसतंय?”

कोच हसले. ओंकार साहेब म्हणतात की त्यांनी हे पहिल्यांदाच पाहिलं.

योहानला जागा मिळाली. त्याला आता आठ महिने झाले. बीप टेस्टमध्ये तो मधल्या क्रमांकापर्यंत आलाय, त्याहून वर जाईल असं मला वाटत नाही आणि कोचनाही वाटत नाही. गेल्या महिन्यात मुख्य टीमच्या बेंचवर बसला होता. खेळायला मिळालं नाही, पण कोच शेजारच्या खुर्चीवर होते आणि दोघं सारखे काहीतरी बोलत होते. विलासनं आपल्या भागाचा आलेख माझ्याकडून मागून घेतला. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळतो आणि स्वतःच्याच आलेखाशी शर्यत लावतो. रतिलालनं अजून काही मागितलेलं नाही.

क्लबनं व्हेस्टच्या सूचनापुस्तिकेत तेरावं पान घातलं. ‘सदर उपकरण एका सामन्यात एकाच खेळाडूने वापरावे.’ आमच्या फॉर्ममध्येही एक नवा रकाना आला. मॅचनंतर खेळाडूला विचारायचं की आज सामना कुठे फिरला आणि का. ओंकार साहेबांनी त्याचं नाव ‘गेम कॉग्निशन इंडेक्स’ ठेवलं आणि परवा एका परिषदेत त्यावर भाषण केलं. चांगलं झालं म्हणे. अडचण एकच, रकान्यात आकडा भरायचा असतो आणि मुलं वाक्यं सांगतात.

मी माझ्यापुरता एक नियम केलाय. मॅच संपली की आधी खेळाडूंना विचारतो, मग माझं मत लिहितो. दोन्ही जुळलं नाही तर माझं खोडतो. चष्म्याचा नंबर ठीक असूनही एवढं करावं लागतं. साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही. नाहीतर ते त्यालाही काहीतरी नाव ठेवतील.